मेंच म्हणजे माणूस

मुलीचे लग्न जमले की आईबापांना एक नवे नाते मिळते. मुलाचा बाप व्याही होतो, मुलाची आई विहीण होते. मग मानपान येतात, रुसवेफुगवे येतात आणि पुढे नातवंडे झाली की दोन्ही घरांचा मिळून एकच गोतावळा होतो. आपल्याला या शब्दांचे काही विशेष वाटत नाही, कारण ते लहानपणापासून कानावर आहेत. पण इंग्रजी ही एवढी मोठी भाषा, तिच्यात या नात्याला नाव नाही. ‘माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील’ असे लांबण लावल्याशिवाय इंग्रजाला आपल्या व्याह्याची ओळख करून देता येत नाही.

युरोपातील एका भाषेत मात्र हे शब्द आहेत. व्याही म्हणजे ‘मेखुतन’, विहीण म्हणजे ‘मखेतेनेस्ते’ आणि दोन्हीकडची सारी सोयरी मंडळी म्हणजे ‘मेखुतोनिम’. ही भाषा म्हणजे यिडिश. पूर्व युरोपातील ज्यू लोकांची ही घरची बोली. शिंपी, चांभार, सुतार, गाडीवान, बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाया, अशा कष्टकऱ्यांच्या तोंडी ती वाढली. आजच्या सदरात आम्ही वाचक बंधू-भगिनींना या भाषेतील काही रोजच्या शब्दांची ओळख करून देणार आहोत. शब्द परके असले तरी त्यांतली माणसे ओळखीची वाटतील, अशी आमची खात्री आहे.

तीन घरचे पाणी

‘यिडिश’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘ज्यू लोकांची’. सुमारे हजार वर्षांपूर्वी जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांत ही भाषा जन्मली. धड जर्मनीचे, पण लिपी हिब्रू, म्हणजे उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी. धर्म, कायदा, शिक्षण आणि नातीगोती यांचे बरेच शब्द हिब्रूतून आले. पुढे छळ आणि हकालपट्टी यांमुळे हे लोक पूर्वेकडे पोलंड, युक्रेन, लिथुआनिया या भागांत सरकले, तेव्हा तिकडच्या स्लाव्ह भाषांतले शब्द मिसळले. यिडिशमधले आजपर्यंत सापडलेले सर्वांत जुने लिखित वाक्य १२७२ सालचे आहे. व्होर्म्स शहरातील एका हस्तलिखित प्रार्थना-ग्रंथात ते आहे. हा जडशीळ ग्रंथ जो कोणी उचलून प्रार्थनाघरात नेईल त्याचा दिवस चांगला जावो, असा त्याचा भाव आहे. एखाद्या भाषेच्या पहिल्या लिखित वाक्यात ओझे वाहणाऱ्या माणसाचे भले चिंतलेले असावे, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

या मिसळीचा एक नमुना पाहा. ‘श्लिमाझल’ म्हणजे करंटा, नशिबाचा फुटका. यातला ‘श्लिम’ म्हणजे वाईट, हा जर्मन. ‘माझल’ म्हणजे नशीब, हा हिब्रू. आपण इंग्रजी ‘रेल्वे’ला मराठी ‘गाडी’ जोडून ‘रेल्वेगाडी’ चालवतो, तसाच हा प्रकार. हाच ‘माझल’ अभिनंदन करताना वापरतात. लग्न झाले, मूल झाले, नोकरी लागली की ‘माझल तोव!’

भेटल्यावर हे लोक म्हणतात ‘शोलेम अलेइखेम’, म्हणजे तुम्हाला शांती लाभो. समोरचा उलटून म्हणतो ‘अलेइखेम शोलेम’. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे ‘सलाम अलैकुम’ आणि ‘वालेकुम सलाम’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे लगेच उमगेल. हिब्रू आणि अरबी या बहिणीबहिणी आहेत. यिडिशमधील सर्वांत लोकप्रिय लेखकाने आपले टोपणनावच ‘शोलेम अलेइखेम’ असे घेतले होते. गरीब दूधवाला तेव्ये आणि त्याच्या मुली यांच्या गोष्टी याच लेखकाच्या. १९१६ साली न्यू यॉर्कमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक रस्त्यावर आले होते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ज्यू म्हटले की यिडिश, असे मात्र नाही. आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण भागात शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्रायल हेही ज्यूच. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. यिडिशशी त्यांचा संबंध नव्हता. तेव्हा व्याही-विहीण हे शब्द त्यांच्याही घरात होते, पण ते आपलेच.

आईची भाषा

यिडिश बोलणारे आपल्या भाषेला लाडाने ‘मामे-लोशन’ म्हणतात, म्हणजे आईची भाषा. हिब्रूला ते ‘लोशन-कोदेश’, म्हणजे पवित्र भाषा म्हणत. पवित्र भाषा मुलगे शिकत. मुलींना ती शिकवण्याचा प्रघात नव्हता. म्हणून बायकांसाठी यिडिशमध्ये पुस्तके निघू लागली. ‘त्सेने-रेने’ नावाचे धर्मकथांचे पुस्तक १७ व्या शतकापासून घरोघरी बायका वाचीत आल्या. ही पुस्तके बायकांसाठी आणि न शिकलेल्या पुरुषांसाठी आहेत, असे काहींच्या पहिल्या पानावरच छापलेले असे. यात हिणवण्याचा सूर होता. पण भाषा जगवली ती याच न शिकलेल्यांनी.

याच भाषेत ग्लिकल नावाच्या एका बाईने आपली जीवनकथा लिहून ठेवली. ती जर्मनीतील हॅम्बुर्गची. डझनभर मुलांची आई. १६८९ साली नवरा गेला. धंदा तिने स्वतः सांभाळला, मुलांची लग्ने केली, आणि रात्री झोप येईना म्हणून १६९१ पासून मुलांसाठी आठवणी लिहायला घेतल्या. तीनशे वर्षांपूर्वीचा विधवेचा संसार कसा चालत होता, हे जगाला तिच्या वहीमुळे कळले.

घरातले काही शब्द पाहू. ‘मिश्पोखे’ म्हणजे कुटुंब, पण नवराबायको आणि दोन मुले एवढेच नव्हे. मामा, मावश्या, चुलते, त्यांची पोरे, सारे त्यात येते. आजी ‘बोबे’, आजोबा ‘झेयदे’. ‘बालेबोस्ते’ म्हणजे घर नेटके चालवणारी बाई. चार पैशांत महिना काढून पाहुण्यालाही जेवू घालणारी. आपल्याकडे हिला ‘कारभारीण’ म्हणतात.

‘नाखेस’ हा फार गोड शब्द आहे. मुलांच्या चांगुलपणातून आईबापांना जे सुख होते ते नाखेस. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, मुलाने पहिल्या पगाराची आईला साडी आणली, की आपला ऊर भरून येतो. त्या ऊर भरण्याचे हे नाव. हे नाखेस ‘उपसायचे’ असते, विहिरीतून पाणी उपसावे तसे. उलट बाजूला ‘त्सोरेस’, म्हणजे विवंचना, कटकटी. घरभाडे थकले, जावई दारू पितो, पोराला खोकला आहे, हे सारे त्सोरेस. बाया एकमेकींपाशी बसून ते सांगत आणि मन हलके करीत. मध्ये मध्ये ‘ओय वेय!’ म्हणत. आपण ‘अगं आई गं’ म्हणतो तसे. निरोप घेताना ‘झाय गेझुंट’ म्हणत, म्हणजे बरी राहा, तब्येतीला जप. आपण शंभर वर्षे जग म्हणतो, हे लोक एकशे वीस वर्षे जग म्हणतात, कारण त्यांच्या ग्रंथाप्रमाणे मोझेस एकशे वीस वर्षे जगला.

खाण्याचे शब्दही या भाषेने जगाला दिले. ‘बेगल’ हा कड्यासारखा गोल पाव आता मोठ्या शहरांतील बेकऱ्यांत मिळतो. आधी पाण्यात उकळायचा आणि मग भट्टीत भाजायचा, ही त्याची रीत. पोलंडमधील क्राकोव्ह शहराच्या ज्यू पंचायतीच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख आहे. आणि जेवणाच्या आधीमधी तोंडात काहीतरी टाकत राहणे म्हणजे ‘नाश’. डब्यातले शेंगदाणे जाता-येता उचलणारी पोरे ज्या घरात आहेत, त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा.

रस्सा कोणी सांडला?

माणसांच्या तऱ्हा सांगण्यात या भाषेचा हात धरणारे थोडेच. एकट्या मूर्ख माणसासाठी तिच्यात कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा मूर्खपणा निराळा. ‘श्लेमिल’ म्हणजे वेंधळा. ‘श्लिमाझल’ म्हणजे करंटा, हे वर आलेच. दोघांतला फरक ते असा सांगतात : पंगतीत वाढताना ज्याच्या हातून रस्सा सांडतो तो श्लेमिल, आणि ज्याच्या अंगावर सांडतो तो श्लिमाझल. यात तिसराही आहे. खाली बसून तो रस्सा पुसणारा ‘नेबेख’, म्हणजे बिच्चारा, गरीब गाय.

‘क्वेच’ म्हणजे सारखी कुरकुर. मूळ अर्थ दाबणे, पिळणे. काही माणसे बोलताना शब्द पिळून काढतात, त्यावरून हा अर्थ आला. ‘किबित्सर’ म्हणजे दुसऱ्याच्या खेळात नाक खुपसणारा. आपल्या वस्तीत कॅरमच्या बोर्डाभोवती चौघे खेळत असतात आणि सहाजण मागे उभे राहून ‘आधी क्वीन घे’ म्हणत असतात. ते सहाही किबित्सर. हा शब्द टिटवीच्या जातीच्या एका पक्ष्याच्या नावावरून आला. टिटवी किती ओरडते, हे शेताजवळ राहणाऱ्याला सांगायला नको.

‘खुत्स्पे’ हा शब्द आता जगभर गेला आहे. इंग्रजी स्पेलिंगमुळे लोक त्याचा उच्चार ‘च’ने करतात, पण तो घशातल्या ‘ख’ने करायचा. अर्थ आहे निगरगट्टपणा, कोडगेपणा. तो समजावण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतात. एका माणसाने आपल्या आईबापांचा खून केला. कोर्टात उभा राहिला आणि न्यायाधीशाला म्हणाला, ‘साहेब, दया करा, मी पोरका आहे!’ ही खुत्स्पे. अमेरिकेत गेल्यावर मात्र या शब्दाला चांगलाही अर्थ चिकटला. बलवानासमोर न घाबरता उभे राहण्याची हिंमत, हीसुद्धा आता खुत्स्पे.

शिव्याशापांतही या बायांची कल्पना दांडगी. ‘कांद्यासारखा वाढ, डोके जमिनीत आणि पाय वर!’ हा एक शाप. दुसरा याहून जालीम : ‘तुझे सगळे दात पडोत, एकच राहो, आणि तो ठणकत राहो!’

आणखी एक गंमत. आपण ‘चहाबिहा’, ‘भाकरीबिकरी’ म्हणतो. यिडिश बोलणाराही शब्दाची अशीच जोडी लावतो, पण ‘बि’ऐवजी ‘श्म’ लावून. आपल्या जोडीत ‘वगैरे’ असा अर्थ असतो, त्यांच्या जोडीत टवाळी असते. ‘डॉक्टर-श्मॉक्टर’ म्हटले की समजावे, बोलणाऱ्याचा डॉक्टरवर काडीचा विश्वास नाही. न्यू यॉर्कच्या इंग्रजीत ही लकब यिडिशमधूनच आली.

चिंध्यांचा धंदा

१८८० नंतर रशियाच्या साम्राज्यातील दंगली आणि दारिद्र्य यांना कंटाळून लाखो ज्यू अमेरिकेला गेले. त्यांतले पुष्कळजण न्यू यॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिलाईला लागले. चिंधीला यिडिशमध्ये ‘श्माटे’ म्हणतात. हा पोलिश शब्द. या कामगारांनी साऱ्या कपडे-धंद्याचे नावच ‘श्माटे’ ठेवले. साहेबाचा सूट असो की मडमेचा झगा, शिवणाऱ्याच्या लेखी ती शेवटी चिंधीच. अशा शब्दाला कामगाराची जीभ लागते.

२२ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यू यॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात ब्लाऊज शिवणाऱ्या कामगारांची मोठी सभा भरली होती. पुढाऱ्यांची भाषणे संपता संपेनात. तेव्हा क्लारा लेमलिख ही तेवीस वर्षांची कामगार मुलगी पुढे आली आणि यिडिशमध्ये थोडक्यात म्हणाली की बोलणी पुरे झाली, आता सगळ्यांचा एकत्र संप पुकारा. सभेने ते उचलून धरले. वीस हजारांच्या वर कामगार बाहेर पडले, त्यांत बहुतेक तरुण मुली. दीड वर्षाने, २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल नावाच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मेले. त्यांतही बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली होत्या.

या कामगारांचे वर्तमानपत्र होते ‘फोरव्हर्ट्स’, म्हणजे ‘पुढे चला’. १८९७ साली ते निघाले. १९०६ साली त्यात ‘बिंटल ब्रीफ’ हे सदर सुरू झाले. अर्थ साधा, पत्रांचा जुडगा. वाचकांनी आपले त्सोरेस लिहून कळवायचे आणि संपादकांनी सल्ला द्यायचा. मुकादमाची छळणूक, सासू-सुनांचे तंटे, मुलांना आईबापांची बोली बोलायची वाटणारी लाज, सगळे त्यात येई. बायकोमुलांना टाकून पळालेल्या नवऱ्यांचे फोटो छापणारे एक सदरही या पत्रात होते! कौटुंबिक पान चालवणाऱ्या आम्हा लोकांना याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

माणूस आणि माणसाखालचा

शिकलेले लोक मात्र या भाषेला भाषाच मानीत नव्हते. ‘मोडकी जर्मन’, ‘स्वयंपाकघरातली बडबड’, असे म्हणत. तिचे नावच त्यांनी ‘जार्गन’, म्हणजे अशुद्ध खिचडी बोली, असे पाडले होते. आणि हे म्हणणाऱ्यांत परके होते तसे घरचेही होते. अखेर १९०८ साली चेर्नोव्हिट्झ (आज युक्रेनमध्ये असलेले चेर्निव्हत्सी) या शहरात परिषद भरली आणि यिडिश ही ज्यू लोकांची एक राष्ट्रीय भाषा आहे, असा ठराव झाला. माक्स वाइनराइख या भाषापंडिताने १९४५ साली एक बोल सांगितला. तो त्यांना व्याख्यानाला आलेल्या एका शिक्षकाने ऐकवला होता. बोलीपाशी लष्कर आणि आरमार आले की तिला भाषा म्हणतात, असा त्याचा अर्थ. यिडिशपाशी ना लष्कर होते, ना आरमार, ना राज्य.

आता या लेखाच्या मथळ्याकडे येऊ. जर्मनमध्ये ‘मेन्श’ म्हणजे माणूस. दोन पायांचा, बोलणारा कोणीही माणूस. तोच शब्द यिडिशमध्ये ‘मेंच’ झाला आणि कष्टकऱ्यांच्या तोंडी घासून घासून उजळला. मेंच म्हणजे शब्दाला जागणारा, दुसऱ्याच्या अडचणीला धावणारा, कोणी पाहत नसतानाही नीट वागणारा. तो पुरुष असो की बाई, शिकलेला असो की अडाणी. आया मुलांना सांगत, ‘मेंच हो!’ आपण ‘माणसासारखा वाग’ म्हणतो, तेच. याहून मोठी शाबासकी या भाषेत नाही.

आणि त्याच जर्मन शब्दाला ‘उंटर’ म्हणजे ‘खालचा’ हे पद जोडून झालेला शब्द हिटलरच्या लोकांनी हाती घेतला. ‘उंटरमेन्श’, म्हणजे माणसाखालचा. ज्यूंना आणि स्लाव्ह लोकांना त्यांनी हे नाव दिले. १९४२ साली एस. एस. संघटनेने याच नावाची सचित्र पुस्तिका काढली. ज्यांनी ‘माणूस’ या शब्दाला सर्वांत मोठा मान दिला, त्यांच्याच माणूसपणावर अशी काट मारली गेली. नावे ठेवून माणसाला आधी माणसांतून काढायचे आणि मग त्याचे काहीही करायचे, ही रीत कशी असते, हे आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे!

दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारले. त्यांतील बहुतेकांची घरची भाषा यिडिश होती. वॉर्साच्या कोंडवाड्यात इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने आणि त्यांच्या साथीदारांनी चोरून कागद जमवले : डायऱ्या, शाळेतल्या मुलांचे निबंध, रेशनची कार्डे, विनोदसुद्धा. पुष्कळसे यिडिशमध्ये होते. पत्र्याच्या पेट्या आणि दुधाचे कॅन यांत भरून ते जमिनीत पुरले. काही १९४६ साली सापडले, काही १९५० साली. लिहिणारे बहुतेक मारले गेले होते. पुढे १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत स्टालिनच्या राजवटीने तेरा ज्यूंना गोळ्या घातल्या, त्यांतही यिडिशचे नामवंत लेखक होते. आणि १९४८ साली ज्यूंचे स्वतःचे इस्रायल झाले, तिथे मान हिब्रूला मिळाला. आईची भाषा तिथेही दारातच उभी राहिली.

तरी ती संपली नाही. १९७८ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक आयझॅक बाशेविस सिंगर या यिडिश लेखकाला मिळाले. पोलंडमधून १९३५ साली अमेरिकेत गेल्यावरही त्यांनी कथा-कादंबऱ्यांसाठी आईची भाषा सोडली नाही. १९८० साली आरन लान्स्की या तरुण विद्यार्थ्याने रद्दीत चाललेली यिडिश पुस्तके वाचवण्याचे काम सुरू केले. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांनी ती त्याच्या हाती सोपवली आणि संख्या दहा लाखांच्या वर गेली. न्यू यॉर्कचे ब्रुकलिन, जेरुसलेम, लंडन, अँटवर्प येथील सनातनी ज्यू वस्त्यांत आजही लहान मुले ही भाषा बोलत खेळतात.

वाचकहो, भाषा राजवाड्यातून जगते असे नाही. ती चुलीपुढे, शिलाईच्या मशीनवर, नळाच्या रांगेत जगते. आपल्या घरातही आजीच्या तोंडी असे शब्द आहेत जे शाळेच्या पुस्तकात सापडत नाहीत. कामाचे, भांड्यांचे, आजारपणाचे, थट्टेचे. मुले ते बोलायला लाजतात, कारण कोणीतरी त्यांना ‘अशुद्ध’ म्हटलेले असते. या आठवड्यात एक वही करा. आजीला, आत्याला, शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारा आणि दहा शब्द अर्थासह लिहून काढा. मुलांच्या हातून लिहून घेतलेत तर उत्तमच.

आणि परक्या भाषेतला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर ‘मेंच’ ठेवा. तो फक्त लोकांनी आपल्याला लावायचा असतो, आपण आपल्याला लावायचा नसतो.